उंबऱ्यावरचे हात

तुळसाक्का आधी हातांचा वास घेत आणि मग ते पाहत.

उजाडता उजाडता आश्रमाच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्या उभ्या राहत. मागे चुली पेटलेल्या असत. ओलसर लाकडांचा धूर कौलांखाली रेंगाळे आणि पूर्वेच्या झरोक्यातून येणारा उजेड त्यात विरघळून जाई. त्या पांढुरक्या पडद्यापुढे त्यांची ठेंगणी, ताठ आकृती उभी असे. पदर कमरेला घट्ट खोचलेला, केसांवर धुतलेले फडके, हातात पाण्याचा तांब्या. कामाला येणारी माणसे एकेक करून पुढे होत, आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरीत, आणि त्या डोळे मिटून, फुलाचा वास घ्यावा तशा त्या हातांवर वाकत. हे दृश्य मला अजूनही अधूनमधून स्वप्नात दिसते. स्वप्नातली रांग फार लांब असते, तिचे टोक धुक्यात हरवलेले असते, आणि त्या रांगेत मी कुठे आहे हे मला कधीच सापडत नाही.

बेळगावला नव्याने वसत असलेल्या टिळकवाडीच्या पुढे, येळ्ळूरच्या वाटेवर, काही सद्गृहस्थांनी तो आश्रम काढला होता. ज्यांना पाहणारे कोणी उरले नाही असे तीसेक म्हातारे-म्हाताऱ्या तिथे राहत. शाळेतली मास्तरकी सोडून मी तिथे व्यवस्थापक म्हणून गेलो तेव्हा पस्तिशीत होतो. अंगावर खादी होती आणि समाजात काय काय बदलायला हवे याची यादी मनाशी तयार होती. तुळसाक्का माझ्या आधीपासून तिथे होत्या. वय पन्नाशीच्या आसपास. त्या काळी मी त्यांना एकेरीत हाक मारीत असे. आज लिहिताना तसे लिहवत नाही. हे त्यांना कळले असते तर पदर तोंडाला लावून त्या हसल्या असत्या.

त्यांच्या हाताखाली येळ्ळूरची पारू होती, पाणी भरणारा आणि मोठी पातेली उतरवणारा मल्लाप्पा होता, आणि पाळीपाळीने येणाऱ्या दोघीतिघी होत्या. पारूला त्या म्हणत, "हात दाव." मल्लाप्पाचे घर कानडी; त्याला म्हणत, "कै तोरसु." वास घेऊन, नखे पाहून झाली की शिकेकाई नाहीतर राख चोळायला लावून त्या स्वतः तांब्यातून पाणी ओतीत. हात किती वेळ धुवायचे हे धुणाऱ्याने ठरवायचे नव्हते. आक्का 'पुरे' म्हणतील तेव्हा पुरे. मल्लाप्पासाठी 'साकु'. तो शब्द येईपर्यंत माणूस ओणवा होऊन उभा राही, आणि कधी कधी तो यायला इतका उशीर लागे की पारू वैतागून म्हणे, "आक्का, कातडं निघंल की वं."

"निघू दे. खालचं सोच्छ असंल," आक्का म्हणत.

बांगड्यांचा प्रश्न त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवला होता. सवाष्णीला बांगड्या उतरव म्हणणे त्यांना पटत नव्हते, आणि बांगड्यांच्या कडेला सुकलेले पीठही खपत नव्हते. म्हणून प्रत्येकीने बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या आणि कापडाच्या पट्टीने तिथेच बांधून टाकायच्या. वेणीफणी मागच्या चिंचेखाली. तिथून उठले की केसांवर फडके. घाम पातेल्यात पडू नये म्हणून मल्लाप्पाच्या कपाळाला पट्टी. आमटीची चव घ्यायची तर पळीने डाव्या तळहातावर घ्यायची, तीही चुलीपासून चार पावले दूर जाऊन. पळीला ओठ लावलेला त्यांना चालत नसे. पारूने एकदा शनिवारी नखे काढायला कुरकुर केली, तेव्हा त्यांनी तिच्या नखातला मळ काडीने काढून तिच्याच तळहातावर ठेवला आणि विचारले, "ह्याला शनवार कळतोय काय, इचार की."

आमच्या भागात बायकांना मिश्री लावायची सवय. भाजलेल्या तंबाखूची ती काळी भुकटी बोटावर घेऊन दातांना घासत बसण्यात सकाळची निम्मी सुखदुःखे सांगून होतात. पारूचे ते बोट आक्कांना लांबूनच ओळखू येई. एके दिवशी पारूने ते बोट मुठीत मिटून बाकीचा हात पुढे केला. आक्का मूठ उघडण्याची वाट पाहत तशाच उभ्या राहिल्या. मागे रांग थांबली, चुलीवरचे आधण खळखळू लागले. शेवटी पारू म्हणाली, "एवढंसं तर लावलं, आक्का."

"मग धूबी एवढंसंच. कोपरापातूर."

सगळ्या हसल्या. पारूही हसली आणि म्हणाली, "लगीन ठरवाय आल्यागत रोज हात बगतायसा."

"नवऱ्याला चाललं असतं गं," आक्का म्हणाल्या. "ह्या म्हाताऱ्यास्नी न्हाय चालत."

असे ते स्वयंपाकघर. दुपारी सगळी भांडी पालथी घातली की तिथे इतकी शांतता पसरे की पालथ्या पितळेवर उतरलेले ऊन हळूहळू सरकताना दिसे. मी कचेरीच्या खिडकीतून ते पाहत बसे. पण उंबऱ्याच्या आत मी क्वचितच गेलो, आणि गेलो तेव्हा हात दाखवले नाहीत. मी व्यवस्थापक होतो. शिवाय माझ्या मनात एक गैरसमज घट्ट बसला होता: हे सगळे सोवळ्याचेच एक रूप आहे. पारू एका जातीची, मल्लाप्पा दुसऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या आणखी निराळ्या, आणि आक्कांनी कोणाला जात विचारल्याचे मी कधी ऐकले नव्हते. हे दिसत असूनही मला दिसले नाही. उंबरा म्हटला की मला माझ्या लहानपणचाच उंबरा आठवे, आणि त्याच्यावरचा राग मी आक्कांच्या उंबऱ्यावर ठेवून मोकळा होई.

सर्वांचे हात आक्का पाहत; आक्कांचे हात पाहायचे कोणी? त्यासाठी दाजीबा होते. दाजीबांचे सगळे आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेले होते. पान हातात घेऊन नुसत्या वासावर ते कोणत्या शिवारातले हे सांगणारा माणूस म्हणून त्यांची कीर्ती होती. पुढे डोळे गेले, घरचे गेले, आणि नाक तेवढे घेऊन ते आश्रमात आले. सगळ्यांचे हात पाहून झाले की आक्का ओसरीवर दाजीबांच्या घोंगडीपाशी जात, खाली बसत आणि दोन्ही तळहात उताणे करून त्यांच्या नाकाशी नेत. दाजीबा सावकाश श्वास घेत.

"राख," ते म्हणत. "शिकेकाई. आन् काल राच्चा लसूण."

मग आक्का निमूट उठून पुन्हा हात धुऊन येत. ज्या दिवशी दाजीबांना काहीच सांगता येत नसे त्या दिवशी ते मान हलवीत आणि म्हणत, "आज तू आलीच न्हाईस वाटतं." त्या शब्दांनी आक्कांचा चेहरा उजळे. त्या वयाच्या स्त्रीचा चेहरा इतका उजळलेला मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

आता मला त्या दिवसाकडे यायला हवे. इतकी वर्षे मी त्याच्या कडेकडेनेच लिहीत आलो आहे.

निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी, ज्यांना सगळे आप्पासाहेब म्हणत, वडिलांच्या पुण्यतिथीला आश्रमात जेवण घालणार होते. म्हाताऱ्यांच्या खोल्यांवर नवे छप्पर घालण्याचे त्यांच्या मनात होते, आणि ते त्यांच्या मनातून निघून जाऊ नये याची मला फार काळजी होती. बहुतेकांना दात नव्हते, म्हणून गोडाला शिकरण ठरले. आप्पासाहेबांकडची दोन माणसे सकाळीच केळ्यांचे घड घेऊन पुढे आली आणि म्हणाली की व्यवस्थापकांनी आणि आम्ही मिळून आपल्या हातांनी ते करावे, अशी मालकांची इच्छा आहे. ती कल्पना मला भावली. सेवेचे एक सुंदर चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि त्या चित्राच्या मध्यभागी मी होतो.

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चार दिवसांपासून नखुरडे झाले होते. रात्री आंबेहळदीचे पोटीस बांधत असे. त्या सकाळी ते सोडून टाकले होते. नखाच्या कडेला पू दिसत होता. फार नव्हता.

आम्ही उंबऱ्यापाशी आलो. पाहुण्यांनी मौज म्हणून हात पुढे केले. आक्कांनी त्यांचा वास घेतला, धुवायला लावले, आत सोडले. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मास्तर, हात दावा."

मी हात पाठीमागे घेतले. पाहुणे पाहत होते. मी माझ्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, "आक्का, हे सोवळं आपल्या आश्रमात चालायचं नाही."

त्या माझ्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या. त्यांच्या हातातला तांब्या पाण्याने भरलेला होता, आणि त्यात झरोक्यातल्या उजेडाचा एक गोल तुकडा हलत होता. तो हलायचा थांबला. मग त्या बाजूला झाल्या. मी आत गेलो.

दुधात केळी मी हाताने कुस्करली. मऊ, गार, सुखद वाटत होते. दुखऱ्या बोटाला तर फारच. आप्पासाहेबांची मोटार वाटेत बंद पडली. ते आल्याशिवाय पंगत बसवायची नाही असे मी ठरवले. आक्का दोनदा येऊन सांगून गेल्या की शिकरण इतका वेळ उन्हाळ्याचे ठेवू नये. मी दोन्ही वेळा थोडा धीर धर म्हणालो. पंगत बसली तेव्हा दुपार कलली होती.

दाजीबांची वाटी मी स्वतः नेली. त्यांनी ती हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. माझा हात जिथे होता तिकडे त्यांनी चेहरा वळवला.

"मास्तर, बोटाला काय झालंय? हळदीचा वास यायलाय. आन् आत दुसरा."

आप्पासाहेब दोन पावलांवर उभे होते. मी म्हणालो, "काही नाही, दाजीबा. केळ्याचा वास असेल."

वासाच्या बाबतीत त्या माणसाला आयुष्यात कोणी चुकीचे ठरवले नव्हते. त्यांनी चेहरा पुन्हा वाटीकडे वळवला. मग, मास्तरांनी आपल्या हाताने आणलेली वाटी परत करू नये म्हणून असेल, त्यांनी ती शेवटपर्यंत संपवली आणि बोटाने पुसून घेतली.

दिवेलागणीच्या आत ओकाऱ्या सुरू झाल्या. आक्का, पारू आणि मल्लाप्पा घंगाळे घेऊन एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होते. म्हातारी माणसे ओरडत नाहीत. त्यांच्या कण्हण्याचा एक मंद, लांबलेला सूर आश्रमभर भरून राहिला. उजाडेपर्यंत बहुतेक सावरले. दाजीबा सावरले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्याच दिवशी आश्रमाचे पंच कचेरीत जमले. गावातले डॉक्टर होते. त्यांनी सांगितले की पिकलेला हात दुधाला लागला आणि ते दूध ताटकळत राहिले तर असे घडते, आणि विचारले की कोणाच्या हाताला जखम आहे. मी कोट घातला होता आणि माझा उजवा हात कोटाच्या खिशात होता. पाहुण्यांनी कालवले हे पंचांना ठाऊक होते, पण तो विषय कोणाला काढायचा नव्हता. आक्कांना बोलावले गेले.

त्या आल्या, टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि न सांगता आपले दोन्ही हात त्यावर ठेवले. आधी उताणे, मग पालथे. डॉक्टर पाहतच राहिले. कुठे चीर नव्हती, डाग नव्हता, नखाखाली काळी रेघ नव्हती.

"तुझे ठीक आहेत," एक पंच म्हणाले. "पण झालं ते तुझ्याच स्वयंपाकघरात ना?"

आक्का माझ्याकडे वळल्या. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिले नाही; त्या खिशाकडे पाहत होत्या. रागाने नव्हे. त्या सकाळी पारूच्या मिटल्या मुठीसमोर ज्या धीराने त्या उभ्या राहिल्या होत्या, त्याच धीराने त्या उभ्या राहिल्या. त्या वाट पाहत होत्या. कचेरीतले घड्याळ चालले होते. मला फक्त हात बाहेर काढायचा होता.

मी तो काढला नाही.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "माज्याच सैपाकघरात झालं. अडवाय पायजे हुतं, मी अडीवलं न्हाय."

त्यांना जायला सांगण्यात आले. तो निर्णय मी माझ्या अक्षरात लिहिला. बोट दुखत होते, म्हणून डाव्या हाताने लिहिल्यासारखे अक्षर आले. जाण्याच्या सकाळीही त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. पारूला शेजारी उभे करून त्यांनी तिला वास कसा घ्यायचा ते दाखवले, आणि पारूचे रडणे थांबेपर्यंत तिच्याच हातांवर पाणी ओतीत राहिल्या. मग ओसरीवर गेल्या. दाजीबांची घोंगडी आदल्या दिवशी धुवायला नेलेली होती. जिथे ती असे त्या मोकळ्या फरशीसमोर बसून त्यांनी आपले दोन्ही तळहात पुढे धरले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी खिडकीतून बाजूला झालो होतो.

पुढे छप्पर झाले. पारूने तो उंबरा चांगला राखला. मी आणखी काही वर्षे तिथे होतो, आणि रोज सकाळी पारूपुढे हात धरून उभा राहत होतो; लोकांना त्याचे कौतुक वाटे आणि मला त्या कौतुकाची लाज वाटे. बोट बरे झाले, पण नख वाकडे उगवले. पन्नाशी उलटल्यावर एकदा मी धीर केला आणि पंचांसमोर सगळे सांगितले. डॉक्टर वारले होते, आप्पासाहेबही नव्हते. पंचांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले की आता जुने कशाला उकरता, सगळीकडे स्वराज्याच्या गोष्टी चालल्या आहेत. ज्याला सांगायला हवे होते असे एकच माणूस उरले होते.

येळ्ळूरला आक्का भाच्याच्या घरी राहत होत्या. मी गेलो तेव्हा भाताची कापणी नुकतीच झालेली होती. मळणीचा धुरळा सोनेरी होऊन गावावर तरंगत होता आणि नव्या तांदळाचा वास वाटेवरच भेटला. आक्का अंगणात उन्हाला बसल्या होत्या. पार वाळल्या होत्या. डोळ्यांवर पांढरट साय आली होती. झोप लागली असावी. दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले होते.

मी समोर बसलो. चाहूल लागून त्यांनी मान वर केली आणि कोण म्हणून विचारले. मी नाव सांगितले. 

"बोट बरं झालं न्हवं, मास्तर?"

येताना वाटेत मी पुष्कळ वाक्ये जुळवली होती. ती सगळी त्या एका प्रश्नापुढे निकामी झाली. मी जे सांगितले ते तुटक, उलटसुलट सांगितले. दाजीबांनी काय विचारले आणि मी काय उत्तर दिले, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते ऐकताना मात्र त्यांचे हात मांडीवर मिटले.

"त्येंनी वळीखलं हुतं तर," त्या म्हणाल्या. "त्येंचं नाक कवा चुकलं न्हाय."

मी म्हणालो, "आक्का, तुम्ही त्या दिवशी का बोलला न्हाईत?" त्यांचीच बोली माझ्या तोंडी आली होती.

"तुमी बोलशिला म्हणून थांबले," त्या म्हणाल्या. "गोऱ्यांच्या कँपातल्या इस्पितळात भांडी घासाय हुते मी, पयल्या लढाईच्या वक्ताला. तितली नर्सबाई हात बगायची. पयल्या दिशी मलाबी राग आलता. वाटलं, ही कोण आमचा इटाळ मानणारी. मीबी हात मागं घेतलंतं. म्हणून तुमास्नी आत सोडलं. वाटलं, समजंल हळूहळू. ती चूक माजी."

ती चूक त्यांची नव्हती असे मी म्हणालो.  आतून भाच्याच्या सुनेने पाने मांडल्याचे सांगितले. आक्कांनी तिला तांब्या आणायला लावला आणि भिंतीचा आधार घेत उठल्या.

"हात दावा, मास्तर."

मी दोन्ही हात पुढे केले. त्या वाकल्या आणि त्यांनी श्वास घेतला. काय वास आला असेल ते त्यांनी सांगितले नाही. सुनेने हातावर राख दिली, मी चोळू लागलो, आणि आक्का पाणी ओतू लागल्या.  धार कधी माझ्या मनगटावर, कधी खाली मातीत पडत होती. एक तांब्या संपला. त्यांनी दुसरा मागवला. ऊन उतरत होते, मळणीवरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज लांबून येत होता, आणि मी ओणवा उभा होतो. मग त्यांनी तांब्या डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने माझे एकेक बोट चाचपत गेल्या, मधल्या बोटापाशी थांबल्या. वाकड्या नखावरून त्यांनी अंगठा फिरवला. उरलेले पाणी त्यांनी तेवढ्याच जागेवर, अगदी बारीक धारेने, ओतले.

"पुरे," त्या म्हणाल्या.